दादा सुटला

विमलआत्यांच्या घरात दिवसा दिवा लागत नसे. सकाळी पूजा व्हायची, जास्वंदीची फुलं वाहिली जायची, उदबत्तीचा धूर माजघरापर्यंत यायचा, पण निरांजन मात्र कोरडं. आळीत नव्याने राहायला आलेल्या बायका हळदीकुंकवाला आल्या की देवापुढचा अंधार बघून चपापायच्या. आत्या सांगायच्या, आमच्याकडे दिवेलागणीलाच दिवा लावायची रीत आहे. एकदा रीत म्हटली की पुढे कोणी विचारत नाही, हे उभा जन्म पोरांना शिकवण्यात घालवलेल्या बाईला चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवशी पद्मजा सकाळीच आली, तेव्हा आत्या ओटीवर सूप पुढ्यात घेऊन बिरड्याचे वाल सोलत बसल्या होत्या. पद्मजा त्यांच्या भावाची मुलगी. पेणमध्येच दोन आळ्या पलीकडे राहणारी, आणि आत्यांना तोंडावर चार शब्द सुनावू शकणारी घरातली एकमेव व्यक्ती. तिने पर्स खुंटीला अडकवली, पाट ओढला आणि सोलायला बसली. वाल भरपूर होते. आजच्या दिवसाला नेमके मोड येतील अशा बेताने भिजत घातलेले. आत्या आणि कामाला येणारी रंभा, एवढ्या दोघींना इतके वाल कशाला, हे पद्मजाने विचारलं नाही. विचारलं असतं, तर आत्यांनी निम्मे वाल तिथल्या तिथे रंभेसाठी बाजूला काढले असते.

आज रोह्याहून दत्तात्रेय यायचा होता. आत्यांचा चुलतभाऊ, गोपाळकाकांचा मुलगा. लहानपणी एका ताटात जेवलेली ही दोघं म्हातारी झाली, तरी एकमेकांच्या दारात उभी राहिली नव्हती. रोह्यात अष्टमीच्या पुलाजवळ असलेली दोघांच्या वडिलांची भाताची गिरणी कधीच मोडीत गेली होती, पण तिची जागा तशीच पडून होती. आता गिऱ्हाईक आलं होतं आणि आत्यांच्या सहीवाचून पान हलणार नव्हतं. आत्यांनी अट घातली होती. सही करीन, उन्हातून आलेल्याला तांब्याभर पाणीही देईन, मी काही राक्षसीण नाही. पण बाहेर पायरीवर. उंबऱ्याच्या आत गोपाळकाकांच्या घरचं पाऊल नको. आईला वचन दिलंय.

हे वचन आत्यांच्या आईने, शांतीआजीने, मरताना घेतलं होतं, आणि ते कशावरून घेतलं हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. आत्यांच्या वडिलांनी, त्र्यंबकआजोबांनी, गिरणीसाठी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून उधारीवर इंजीन आणलं. लागोपाठ दोन वर्षं खाडीचं खारं पाणी बांध फोडून शेतांत शिरलं, भातच पिकलं नाही, मग गिरणी काय भरडणार. प्रकरण कोर्टात गेलं आणि आजोबांचं दिवाळं निघालं. जुन्या व्यापाऱ्यांत म्हणे अशी चाल होती, की दिवाळं निघालं म्हणजे दुकानात भर दिवसा दिवा लावून ठेवायचा. घेणेकऱ्यांनी काय ते समजून जायचं. रोह्यातल्या कोणा टवाळाला ती चाल आठवली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात कोणीतरी पेटती पणती ठेवून गेलं. आजोबा त्या पणतीकडे बघत तसेच उभे राहिले. आजीने ती पायाने विझवली आणि आजोबांना आणि मुलांना घेऊन पेणला भावाच्या आश्रयाला, याच घरात आली. दोन वर्षांत आजोबा गेले. घरात दिवसा दिवा लागला नाही तो तेव्हापासून.

इथवर गोपाळकाकांचा काहीच दोष नव्हता. दोष निघाला तो आजोबांच्या वर्षश्राद्धानंतर. आजीचे भाऊ विठूमामा स्वतःच्या कामासाठी अलिबागच्या कोर्टात गेले होते. तिथल्या फलकावर दिवाळखोरीच्या प्रकरणांत त्यांनी वाचलं, अर्जदार गोपाळ, आणि खाली त्र्यंबकआजोबांचं नाव. मामा घरी आले ते संतापलेलेच. मेलेल्या भावालासुद्धा हा कोर्टात खेचतोय, म्हणाले. भावाचं दिवाळं कोणी काढलं, ते आता कळलं. आणि महिन्याभराने, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी भर दुपारी, गोपाळकाका पेणला दारात आले, झोळीतून पितळी दिवा काढून उंबऱ्यावर लावला आणि हसून म्हणाले, वहिनी, दादा सुटला.

आजीने फुंकर मारून दिवा विझवला आणि दार लावून घेतलं. पुढचं सगळं त्या लावलेल्या दाराचंच.

"आत्या," वालाचं साल सुपाच्या कडेला टाकत पद्मजा म्हणाली, "काल कोर्टातून नक्कल मिळाली."

आत्यांची बोटं थांबली नाहीत. "मग दाखव त्या वकिलाला. मला काय करायचंय."

पद्मजाने मग वेगळ्या वाटेने सुरुवात केली. अलिबागची गंमत सांगायला लागली. सातबाऱ्यावर गिरणीची जागा अजून कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात दिसत होती, म्हणून गिऱ्हाइकाच्या वकिलाला जुने कागद हवे होते. ते काढायचं दत्ताकाकाने तिच्यावर टाकलं, आणि तिला वाटलं एका फेरीचं काम आहे. पहिल्याच दिवशी तिने रेकॉर्ड रूमच्या खिडकीत जाऊन दिवाळखोरीची जुनी प्रकरणं मागितली. असं रजिस्टरच नाही, म्हणून सांगण्यात आलं. रायगड जिल्हा म्हणून शोधलं, तर तेही नाही, कारण तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा. रोह्याच्या कोर्टात असेल म्हणून रोह्याला गेली, तर तिथून पुन्हा अलिबागला पिटाळलं. परतताना वडखळला एसटी अडकली होती. आणि तिथे बसल्या बसल्या तिला आत्यांचीच एक गोष्ट आठवली. शाळेत आत्यांना फी माफ होती. हजेरी घेताना मास्तर नावापुढे 'नादार' वाचायचे आणि वर्ग फिदीफिदी हसायचा.

"दिवाळखोरी हा आपल्या तोंडातला शब्द," पद्मजा म्हणाली. "कोर्टाचा शब्द नादारी. दुसऱ्या दिवशी जाऊन नादारीचं रजिस्टर मागितलं आणि ते लगेच निघालं."

आत्यांना हसू आलं, ते त्यांनी वालांत लपवलं. आपल्या लहानपणीची लाज कोणाच्या तरी कामाला आली, याचं त्यांना बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं.

"आणि रजिस्टरात काय दिसलं असेल? अर्जदार गोपाळ. मामांनी वाचलं होतं तेच. मी म्हटलं, इतकी वर्षं मी मनातून काकाआजोबांची बाजू घेत होते, ती चुकलीच."

"बघ," आत्या म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता.

"मग वर्ष बघितलं. आजोबा जाऊन वर्ष उलटल्यानंतरचा अर्ज. गेलेल्या माणसाला कोणी नादार कसं ठरवेल? म्हणून मागची पानं चाळली. आजोबांना नादार ठरवा, असा अर्ज त्याच्या तीन वर्षं आधीच आलेला आहे, आणि तो त्या इंजीनवाल्या व्यापाऱ्याचा. त्यात काकाआजोबांचं नाव कुठेच नाही."

आता मात्र आत्यांची बोटं थांबली. पद्मजा उठली. पर्समधून तिने घडी घातलेला कागद काढला आणि आत्यांच्या मांडीवर ठेवला. इंग्रजीत टाइप केलेला जुना हुकूम होता. आत्यांनी चष्मा लावला, पहिल्या ओळी वाचल्या आणि एका शब्दापाशी अडल्या. पद्मजाही तिथेच अडली होती. इथल्या एका वकीलबाईंकडून तिने तो समजून घेतला होता.

"कोर्ट नादाराला दोन तऱ्हांनी सोडतं," ती हळूहळू सांगू लागली. "एक म्हणजे मुक्तता. हा नादार होता खरा, पण आता जाऊ दे, असं. आणि दुसरं म्हणजे नादारी रद्द. सगळ्यांचं देणं पुरतं फिटलं, तेव्हा याच्यावरचा शिक्का पुसून टाका, याला नादार म्हणू नका. हा दुसरा हुकूम आहे. आणि तो अर्ज नादाराच्या हितासाठी दुसरं कोणीही करू शकतं. काकाआजोबा अर्जदार होते ते याचे, आत्या. खांब गावातली स्वतःच्या वाटणीची जमीन विकून त्यांनी आजोबांचं सगळं देणं फेडलं, आणि मग कोर्टात जाऊन सांगितलं, माझ्या भावाच्या नावावरचा डाग काढा."

मामांनी फलकावरची ओळ बरोबर वाचली होती. फक्त अर्ज कशाचा, ते वाचायला ते थांबले नव्हते. रागावलेला माणूस अर्धंच वाचतो, आणि त्या अर्ध्यावर दोन घरं फुटली.

आत्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यांना विश्वास ठेवावासा वाटत होता आणि भीतीही वाटत होती. एवढा जपून ठेवलेला राग एकदम हातातून गेला, तर आपल्याजवळ काय उरेल, अशी ती भीती होती. याच डागापायी दोन ठिकाणी त्यांचं जमत आलेलं लग्न मोडलं होतं. त्या दोन्ही वेळा आईने गोपाळकाकांना शिव्याशाप दिले होते आणि विमलने ते ऐकून घेतले होते.

शेवटी त्या म्हणाल्या, "मग बोलले का नाहीत? तोंड नव्हतं का त्यांना? एक शब्द सांगितला असता."

"सांगितला ना," पद्मजा म्हणाली. "त्यांनी दारात येऊन काय म्हटलं?"

"तुला माहीत आहे काय म्हणाले ते."

"तू सांग. तू ऐकलं होतंस. आणि सांगण्याआधी हुकमाची तारीख बघ. मी मोबाइलवर जुनं पंचांग काढून ताडून पाहिलं. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीची आहे."

आत्यांनी तारीख पाहिली. मग समोरच्या दाराकडे पाहिलं. त्यांना तो दिवस लख्ख आठवत होता. वृंदावनापाशी ऊस बांधून ठेवला होता. त्या आईच्या मागे उभ्या होत्या. काकांचं धोतर धुळीने गुडघ्यापर्यंत लाल झालेलं. ते हसत होते, आणि ते हसणंच पुढे कधी विसरता आलं नव्हतं. त्यांनी ते वाक्य उच्चारायला तोंड उघडलं. आजवर हजारदा, दरवेळी दात ओठ खाऊनच, उच्चारलेलं वाक्य.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "दादा सुटला."

आणि त्यांचा त्यांनाच तो शब्द ऐकू आला.

लांबलेल्या दुखण्यातून माणूस गेला, की आपण म्हणतो, सुटला बिचारा. शांतीआजीने दुसरं काय ऐकायचं? नवऱ्याची राख थंड झालेली, दारात भर दिवसा पेटलेला दिवा, आणि दीर हसत म्हणतोय, दादा सुटला. पण काका आदल्याच दिवशी कोर्टातून हुकूम घेऊन आले होते. त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. दादा नादारीतून सुटला, एवढीच बातमी त्यांच्याजवळ होती आणि ती सगळ्यात आधी वहिनीला द्यायची होती. मुळात कमी बोलणारा माणूस. त्याने आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य तीन शब्दांत बोलून टाकलं.

"आईनं दार लावलं," आत्या म्हणाल्या, "तरी काका गेले नव्हते. दाराच्या फटीतून मला त्यांचे पाय दिसत होते. बराच वेळ दिसत होते." मग त्यांना रडू आलं. पद्मजाने त्यांच्या पुढ्यातलं सूप बाजूला घेतलं आणि त्यांना रडू दिलं.

तिकडे दत्तात्रेय गाडीत खिडकीशी बसला होता. नागोठणं गेलं, कासू आलं, आणि त्याला उगीचच वाटलं की इथेच उतरावं आणि परतीची गाडी पकडावी. रोह्यात त्याचं किराणा मालाचं दुकान. गिऱ्हाइकाशी दिवसभर बोलून बोलून तोंड न दुखणारा माणूस, पण आज जायचं होतं तिथे काय बोलायचं हे त्याला सुचत नव्हतं. मांडीवर कापडी पिशवी होती. काल रात्री पद्मजाचा फोन आला तेव्हा तिने आधी विचारलं होतं, काका, तो पितळी दिवा अजून आहे का? मग कागद वाचून दाखवला होता. फोन ठेवल्यावर दत्ताने फळीवरचा दिवा काढून घासायला घेतला. खांबची जमीन कुठे गेली, हे त्याची आई मरेपर्यंत वडिलांना विचारत होती. वडील म्हणायचे, गेली चांगल्या कामाला. आईला वाटायचं पत्त्यांत घालवली, आणि खरं सांगायचं तर दत्तालाही तेच वाटत आलं होतं.

तो दिवा गिरणीच्या देवघरातला. जप्तीत गेला होता, तो वडिलांनी सोडवून आणला होता. त्या तुळशीच्या लग्नाच्या दिवशी पहाटे वडील दिवा घासत बसले होते, हे दत्ताला आठवत होतं. नऊ-दहा वर्षांचा असेल तो. दिवसा दिवा लावून माझ्या भावाची अब्रू काढली, आता दिवसाच दिवा लावून ती परत देतो, असं ते आईला म्हणाले होते. संध्याकाळी परत आले, दिवा फळीवर ठेवला आणि न जेवता झोपले. पुढे बऱ्याच वर्षांनी दत्ताने एकदा विचारलं, तर एवढंच म्हणाले, माझा शब्द चुकला रे. मग जाऊन दुरुस्त का नाय करत, यावर म्हणाले, दोनदा गेलतो, दार नाय उघडलं. आणि आता जाऊन काय सांगू, मी काय केलं ते? ते सांगितलं तर केलेलं सगळं फुकट गेलं. केलेलं काय, हे दत्ताला काल रात्री कळलं.

पेण स्टेशनवर उतरून दत्ताने रिक्षा केली नाही. चालत गेलं म्हणजे पोहोचायला तेवढाच उशीर. आळीत शिरला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पद्मजाने सांगितलेल्या खुणांवरून घर त्याने लगेच ओळखलं. दार उघडं होतं. पायरीपाशी जाऊन त्याने चपला काढल्या, पण पायरी चढला नाही. पद्मजाने अट सांगितलेली होती, आणि ती मोडायची त्याची इच्छा नव्हती.

विमलआत्या दारात आल्या. केस पिकलेले, डोळे सुजलेले. दत्ताला वाटलं, काकीच आली.

"कागद आणलेत, ताई," तो म्हणाला. "हितंच बसतो मी. सही झाली का निघतो. परतीची गाडी हाय."

आत्या त्याच्या पायांकडे बघत होत्या. रुंद पंजे, अंगठा बाहेर वळलेला. दाराच्या फटीतून दिसले होते तसेच.

"तुझ्या आवडीचं बिरडं केलंय," त्या म्हणाल्या. "लहानपणी माझ्या ताटातलं ओढायचास. पिशवीत काय आहे ते घेऊन आत ये, दत्ता."

दत्ता पायरीखालूनच म्हणाला, "ताई, तू काकीला वचन दिलंयस."

"दिलंय. पण आईनं ते ज्याच्यावर रागावून घेतलं, तो माणूस कधी नव्हताच. तिला हे कळलं असतं तर ती स्वतः तुला आणायला रोह्याला आली असती. तिच्या वतीनं मी सांगते, ये."

तो आत आला. येताना उंबऱ्यापाशी जरा अडखळला, तेव्हा आत्यांनी त्याचा दंड धरला आणि तो पुढे सोडलाच नाही. पिशवीतून दिवा निघाला. घासूनपुसून लख्ख. पद्मजाने तेल आणलं. वात वळायला आत्या बसल्या, पण सुजलेल्या डोळ्यांना नीट दिसेना, तेव्हा दत्ताने ती त्यांच्या हातातून घेऊन वळली. दुकानदाराचा हात, पुड्या बांधून तयार झालेला. दिवा देवघरात ठेवायचा म्हणून पद्मजा उचलायला गेली, तर आत्यांनी नको म्हटलं. त्यांनी तो उंबऱ्यावर ठेवला. बाहेर रखरखीत ऊन होतं आणि आळीतून माणसं जात-येत होती. एकदोघांनी वळून पाहिलं. पाहू देत, आत्या म्हणाल्या, आणि काडी ओढली.

उन्हात ज्योत दिसतही नव्हती. तिची ऊब लागली तेव्हाच कळलं की लागली आहे. आत्यांनी दत्ताकडे पाहिलं. त्यांना खूप सांगायचं होतं, त्याच्या आईबद्दल, त्या जमिनीबद्दल, त्या लावलेल्या दाराबद्दल. पण त्याही त्याच घरच्या. त्यांना तेवढेच शब्द सुचले.

"दत्ता," त्या म्हणाल्या, "काका सुटला."

दत्ताने तो शब्द बरोबर ऐकला. त्याने मान हलवली आणि तोंडावर उपरणं घेतलं.

परतीची गाडी चुकली. जेवणं झाली, सही झाली की नाही याची आठवण कोणालाच राहिली नाही, ती शेवटी पद्मजाने चहाच्या वेळी करून घेतली. ऊन उतरलं तेव्हा रोजच्यासारखी रंभा आली. हातपाय धुऊन, दिवेलागणीची वेळ झाली म्हणून ती काडेपेटी घेऊन देवघराकडे निघाली, तर उंबऱ्यावर दिवा तेवत असलेला दिसला.

"बाय, दिवा आधीच लावलाव?" तिने विचारलं. "कवाधरनं जळतोय ह्यो?"

"दुपारपासनं गो," आत्या म्हणाल्या. "त्यात तेल घाल थोडं. दत्ता आज राहणार आहे."